ग्लेनिसचं अर्धं नाटक

माझी भावजय ग्लेनिस एकोणीस वर्षांची होती, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या आमच्या सगळ्या गिप्सलंड भागात तिच्या गळ्याची चर्चा होती. आमच्या कोरंबरा गावच्या हॉलमध्ये दर हिवाळ्यात गावकरी मिळून संगीत नाटक बसवायचे. त्या वर्षी ती नायिका होती आणि मी मागे घोळक्यात, कागदी टोपी घालून. तिने वरचा सूर लावला की म्हातारी माणसं हातातला चहा प्यायची विसरायची. मेलबर्नच्या एका बाईंनी तिला गाणं शिकवायची तयारीही दाखवली होती. पण त्याच वर्षी तिने माझ्या भावाशी, डेसशी लग्न केलं, आणि डेसकडे एकशे चाळीस जर्सी गाई होत्या.

गाईंची धार पहाटे पाचला आणि दुपारी चारला काढावीच लागते. नाताळ असो, लग्न असो, कुणाची मयत असो. एकतीस वर्षांत ग्लेनिस घराबाहेर झोपली ती फक्त बाळंतपणात. डेस तेवढंही नाही.

पेपरात मेलबर्नच्या नाटकाची जाहिरात आली की ती कापून ठेवायची आणि म्हणायची, "डेस, एकदा जाऊ या ना."

"पैसे मोजून बायकांचं ओरडणं ऐकायला?" डेस म्हणायचा. "माझ्या गाई फुकट ओरडतात की!"

सगळे हसायचे. मीही हसायचे.

सुरुवातीला ती गोठ्यात गायची. मग धार काढायची नवी, मोठी यंत्रं आली, त्यांच्या आवाजात ती नुसती गुणगुणायला लागली. पुढे तेही थांबलं. कधी, ते आमच्यापैकी कुणीच सांगू शकणार नाही.

डेसचा खांदा कामातून गेला. त्यांची एकुलती एक लेक फिलिपा मेलबर्नला नर्स होती, तिला गाई नको होत्या. मे महिन्यात एका सकाळी ट्रक आले आणि गोठा रिकामा झाला. जुलैत, ऐन हिवाळ्यात, फिलिपाने दोघांना तीन दिवसांच्या सुट्टीवर शहरात बोलावलं. संगीत नाटकाची चार तिकिटं तिने आधीच काढली होती. चौथं माझं.

नाटक सोन्याच्या खाणीच्या गावातल्या एका मुलीचं होतं. ती गाण्यासाठी घर सोडते. मुलगी फार सुंदर गात होती. पहिला अंक संपला तेव्हा टाळ्या थांबेनात. ग्लेनिसने माझ्या दंडाला हात लावला. "वाल्मा, जरा बाहेर येतेस?"

बाहेर जिन्याजवळच्या कोचावर आम्ही बसलो.

"रडतेयस का गं?" मी विचारलं.

"नाही ना. दोन रुमाल आणलेत मुद्दाम. काहीच होत नाहीये. ती छान गातेय हे कळतंय मला. पण मला काय त्याचं?"

घंटा वाजली. लोक आत गेले. "तू जा," ती म्हणाली. "डेसला सांग, डोकं दुखतंय तिचं." मी जाऊन सांगितलं आणि परत तिच्याजवळ आले. बंद दारामागून गाणी ऐकू येत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "आता कुठे गाई आहेत? परत शिकायला लाग की."

तिने इकडेतिकडे पाहिलं, पाठ ताठ केली आणि आमच्या हॉलमधल्या नाटकातली एक ओळ हळूच म्हणायला घेतली. दुसऱ्याच शब्दावर आवाज फाटला. तिने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच.

"बघितलंस?" ती म्हणाली. मी तिचा हात धरला. तिने तो धरू दिला, एवढंच.

खेळ सुटला. फिलिपाच्या आधी डेस बाहेर आला, लोकांना बाजूला सारत. त्याचे डोळे लाल, गाल ओले. माझ्या भावाला मी आमच्या आईच्या मयतीतही असं पाहिलं नव्हतं.

"ग्लेन! अगं, शेवट चुकवलास तू! हे असं असतं होय? एवढी वर्षं मला कधी सांगितलं का नाहीस?"

"बाबा!" फिलिपा म्हणाली.

ग्लेनिसने त्याची वळलेली कॉलर नीट केली. "सांगायला हवं होतं मी," ती म्हणाली. "चल, कोट घाल. बाहेर गारठा असेल."

त्या रात्री जेवताना डेस एकटाच बोलत होता. कुठलं गाणं कुठे आलं, ती मुलगी कशी वळली, सगळं. ग्लेनिस त्याच्या ताटातलं मांस कापून देत होती, कारण खांद्यामुळे त्याला सुरी धरवत नाही.

याला आता सहा वर्षं झाली. डेस दर हिवाळ्यात दोन तिकिटं काढतो. गाडीत गाणी लावतो, बेसूर का होईना, सोबत गातो. ग्लेनिस शेजारी बसून रस्ता बघते. यंदा मी न राहवून म्हटलं, "नको म्हण ना त्याला एकदा."

"एकट्याला कसं पाठवू?" ती म्हणाली. "त्याला ट्रामचे नंबर कळत नाहीत."