काकाजींच्या कादंबरीचं शेवटचं पान

गोविंदराव सेलोकर यांची आणि माझी ओळख माझ्या एका थापेमुळे झाली. भंडाऱ्याच्या एका साप्ताहिकात मी तेव्हा तिरकस सदर लिहीत असे. दुसऱ्याची टोपी उडवली की आपलं डोकं मोठं झाल्यासारखं वाटायचं, असं ते वय होतं. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून सेलोकरांची एक रहस्यकादंबरी आणली आणि सदरात ठोकून दिलं, 'खुनी कोण हे विसाव्या पानावरच कळतं.'

तिसऱ्या दिवशी पांढऱ्या पायजमा-सदऱ्यातले, काखेत फाइल धरलेले एक गृहस्थ कचेरीत आले. मला वाटलं, आली अब्रुनुकसानीची नोटीस. त्यांनी फाइलीतून कादंबरी काढली, विसावं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "कोणत्या ओळीवरून कळलं तेवढं सांगा. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो."

ओळ कुठून दाखवणार? मला शेवटचं पान आधी वाचायची खोड आहे. मी शाईचा डाग शोधल्यासारखा त्या पानाकडे पाहत राहिलो. शेवटी त्यांनाच माझी दया आली असावी. "चला, घरी जेवून विचार करा," म्हणाले, आणि मला एसटीत बसवून आंधळगावला घेऊन गेले.

ओसरीवर त्यांच्या पत्नी, आमच्या शांताकाकू, सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे का ते वीसपानवाले? खरं सांगा, शेवटचं पान पहिले वाचलं ना तुम्ही?"

मी मान डोलावली.

"पाहा जी," काकू नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या खुन्याइले कबूल व्हाले दोनशे पानं लागतात. हा एका मिनिटात झाला."

त्या दिवसापासून गोविंदराव माझे काकाजी झाले, आणि मी त्या घरात कायमचा वीसपानवाला.

काकाजींची सगळी नोकरी न्यायालयात कागदांच्या नकला उतरवण्यात गेली. खुनाच्या खटल्यांचे कागद रोज हाताखालून जात. लोकांना वाटतं, तिथून त्यांनी गुन्हे उचलले. त्यांनी उचललं ते वेगळंच. एकदा मला म्हणाले, "सुधाकर, कागदावर 'मयत' लिहिलं का माणूस खलास. पुढं सारी चर्चा मारणाऱ्याची. मेला त्याले काय आवडे, त्याची माय कोणती, कोणी नाही इचारत." म्हणून त्यांच्या तीसेक कादंबऱ्यांत पहिलं प्रकरण मरणाऱ्याचं असतं. तो जेवतो, भांडतो, छत्री विसरतो, परत घ्यायला जातो. वाचकाचा जीव जडला की मगच काकाजी त्याला मरू देतात. पहिल्याच पानावर मुडदा मागणारे प्रकाशक यावर फार चिडत. काकाजी शांतपणे सांगत, "ज्याला आपण ओळखत नाही, त्याच्या खुनाचं दुःख कशाला करायचं?"

याच हट्टापायी त्यांचं मुंबईचं चित्रपटलेखन सुटलं. त्यांनी पटकथा लिहिलेला पहिला चित्रपट चालला. तुमसरच्या टॉकीजमध्ये खुनी पकडला गेल्यावर लोकांनी शिट्ट्या मारल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दुसऱ्या वेळी खुन्याची भूमिका निर्मात्याच्या मेव्हण्याकडे होती, आणि मेव्हण्याला बायका-प्रेक्षकांपुढे वाईट दिसायचं नव्हतं. निर्माते म्हणाले, "खुनी काढून टाका. आत्महत्या दाखवा." काकाजी म्हणाले, "साहेब, तो माणूस सकाळी शिंप्याकडे लग्नासाठी कोट टाकून आला आहे. तो जीव कशाला देईल?" काकाजींचं नाव श्रेयनामावलीतून गेलं आणि काकाजी आंधळगावला परत आले. त्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. मी मात्र त्या निर्मात्यावर चार सदरं लिहिली. त्याने ती वाचली नसावीत, मराठी त्याला फक्त शिव्यांपुरती येत होती.

दुखावलेल्या माणसाकडे स्वतः चालत जाणं हा काकाजींचा स्वभावच. सिहोऱ्याच्या एका धान व्यापाऱ्याचं आणि त्यांच्या कादंबरीतल्या एका विषप्रयोग करणाऱ्याचं नाव योगायोगाने एकच निघालं. त्या गृहस्थाच्या घरी कोणी चहा पिईना. काकाजी सिहोऱ्याला गेले, भर चौकात त्याच्या घरचा चहा दोन कप प्याले, आणि पुढच्या कादंबरीत त्याच नावाचा देवमाणूस डॉक्टर घातला.

आता मुख्य गोष्टीकडे यायला हवं. मी ती टाळत होतो.

काकाजी लिहिलेलं प्रकरण दुपारी काकूंना वाचून दाखवत. काकूंचा हात सुपात आणि कान कादंबरीत. पाच प्रकरणं झाली की काकू भिंतीकडे तोंड करून चिठ्ठीवर खुन्याचं नाव लिहीत आणि घडी घालून भंडाऱ्याच्या पितळी डब्यात टाकत. कादंबरी पुरी झाली की चिठ्ठी उघडायची. नाव बरोबर निघालं तर काकाजी अर्धी कादंबरी पुन्हा लिहीत. बहुतेक वेळा बरोबरच निघे. "त्या जावयाले पाहूनच समजलं होतं मले," काकू म्हणत, "लिहा पुन्हा!" काकाजींच्या कादंबऱ्या इतक्या पक्क्या का, याचं रहस्य एवढंच आहे.

दोन वर्षांपूर्वी काकू अंथरुणाला खिळल्या. काकाजी खाटेशेजारी बसून नवी कादंबरी वाचत. पाचवं प्रकरण संपल्यावर काकूंनी कागद मागितला, भिंतीकडे वळल्या, घडी घातली. डबा मीच पुढे धरला होता. त्यानंतर आठवड्याभरात त्या गेल्या. सरकारी अर्ज भरताना काकाजींचा पेन 'मयत' या रकान्यापाशी थांबला. जन्मभर सुंदर अक्षरात लिहिलेला तो शब्द त्यांना लिहिता येईना. मी लिहिला.

तेरवीच्या दिवशी फळीवरून सुपारी काढताना डबा हाताला लागला. माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे. मी चिठ्ठी उघडली. दोन्ही बाजूंनी कोरी.

मी ती परत ठेवली आणि गप्प बसलो. काकाजी सगळ्यांना सांगत, "शेवटचं प्रकरण झालं का तिची चिठ्ठी उघडू." पण ते प्रकरण होईना. काकाजींच्या पंचाहत्तरीच्या या गौरव अंकासाठी लेख मागितला गेला तेव्हा वाटलं, हे पोटात ठेवून मी गौरव कसला करणार? आंधळगावला गेलो आणि सांगून टाकलं.

काकाजी रिकाम्या सुपाकडे पाहत म्हणाले, "माहीत आहे मले, कोरी आहे ते. तू उघडली तेही. घडी बदलली होती. तिची घडी चौकोनी. तू आपली गुंडाळून ठेवली, बसचं तिकीट ठेवल्यासारखी."

"म्हणजे तुम्ही माझ्या आधी..."

"दोन दिवस आधी."

"मग बोलले काहून नाही?"

"तू काहून नाही बोलला?"

मग काकाजीच म्हणाले, "तिले खुनी ओळखूच नाही आला? का हात चालला नाही? का असं म्हणून राहिली होती, या बारी मी नाही सांगत, तुमचं तुम्ही पाहा? तीस पुस्तकं लिहिली बा, आणि एवढं सोडवता नाही येऊन राहिलं. जिंकलो का हरलो, तेच माहीत नाही. मग शेवट लिहू कोणासाठी?"

मी सूप ओढलं, तांदूळ घेतले आणि म्हणालो, "वाचा काकाजी. पहिल्यापासून."

त्या दिवशी दोन प्रकरणं झाली. आता दर रविवारी जातो. पाचवं झालं तेव्हा भिंतीकडे तोंड करून मीही नाव लिहिलं आणि माझी चिठ्ठी त्या कोऱ्या चिठ्ठीशेजारी ठेवली. "चुकलंच असंन तुझं," काकाजी म्हणाले, "आणि तांदळात खडे राहून राहिले." पण वही त्यांनी मिटली नाही.

काकाजी, पंचाहत्तरी झाली. गुडघ्यांना तेल लावा, दुपारचं जेवण वेळेवर घ्या, वाचताना चष्मा शोधायला लावू नका. शेवटचं प्रकरण लिहा, पण घाई करू नका. आम्हाला तुम्ही पुष्कळ वर्षं हवे आहात, हिंडते-फिरते आणि माझी चूक काढणारे. आजवर प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान मी आधी वाचलं. हे एक मला शेवटीच वाचायचं आहे, आणि तेही खूप खूप उशिरा.