राखाडी गुरुवार

चाकण-भोसरीकडच्या कामगाराला रविवारचं कौतुक सांगू नका. त्याची सुट्टी गुरुवारी. कधीकाळी वीज पुरावी म्हणून गावोगावचे वार वाटून दिले होते, असं जुने लोक सांगतात. विजेचं काय व्हायचं ते झालं, वार तेवढा मागे राहिला. गुरुवारी निघोजेच्या रस्त्याला ट्रकांचा मागमूस नसतो, टपरीवाले दुपारपर्यंत झोपतात आणि टेम्पोवाले टेम्पो धुतात.

दिपाली शेंडगेच्या तर हा वार रक्तात भिनला होता. निघोजेच्या एका कारखान्यात गाड्यांच्या सीटखालचे ब्रॅकेट बनतात, तिथे ती प्लॅनिंगला होती. कुठल्या दिवशी किती माल बनवायचा, किती वाजता कुठल्या टेम्पोत भरायचा आणि गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या दारात कधी पोचवायचा, हे सगळं तिच्या एका शीटवर चाले. धाराशिवहून लग्न करून मोशीला आली तेव्हा स्टोअरमध्ये पावत्या टाइप करायची. तिथून पंधरा वर्षांत ती इथवर पोचली, आणि कुणाची चिठ्ठी न आणता पोचली, हेही सांगायला हवं. मोठ्या कंपनीची गाड्या जोडायची लाइन आपल्या मालावाचून थांबली तर त्यासारखी नामुष्की नाही, असं या पट्ट्यात मानतात. कारखान्याच्या गेटवर एक फळा होता, ‘लाइन न थांबता दिवस’. त्यावर दोन हजार सहाशे चौदा आकडा होता, आणि रोज सकाळी आत शिरताना दिपाली तो वाचूनच पुढे जायची. तो आकडा तिचाच आहे असं तिला वाटे, आणि खरं सांगायचं तर होताही तिचाच.

पण घराचं गणित काही तिला जुळत नव्हतं. तिची सुट्टी गुरुवारी. नवरा नवनाथ मारुंजीला एका मोठ्या सोसायटीत देखभालीचं काम बघतो, त्याची सोमवारी. मुलगी अनुया शाळेत, तिची रविवारी. एका घरात आठवड्याला तीन सुट्ट्या, आणि सगळे मिळून ताटावर बसतील असा दिवस एकही नाही. यंदा दिवाळीनंतर अनुयाची शाळा बंद होती, नवनाथने रजा टाकली, आणि दिपालीने कारखान्याचे प्रमुख यशवंतराव यांच्याकडे शुक्रवार-शनिवार मागून घेतला. गुरुवार तर आपलाच. बुधवारी संध्याकाळी निघायचं आणि पवना धरणाकडच्या एका रिसॉर्टवर तीन दिवस राहायचं असं ठरलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली, आणि हे चौघांचं पहिलं फिरणं. चौथ्या म्हणजे सासूबाई, कुसुमताई. दिपाली त्यांना आत्या म्हणते.

यशवंतरावांनी रजा दिली, पण लॅपटॉप बरोबर न्यायचा आणि बोलावलं की मीटिंगला बसायचं, या अटीवर. आजवर कारखान्यातल्या कुणालाही बाहेरून काम करायची मुभा मिळाली नव्हती. रेंज असेल ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. दिपालीने रिसॉर्टला फोन करून खात्री केली होती. फुल्ल वाय-फाय आहे मॅडम, असं तिकडून सांगितलं गेलं. तरी तिने दोन कंपन्यांची सिमं आणि एक डोंगल बरोबर घेतलं. हातचं राखून ठेवायची तिची सवयच होती. कुसुमताईंनी आपला बटणांचा जुना फोन पिशवीत टाकला, तेव्हा मात्र ती म्हणाली, कशाला आत्या, उगीच आणखी एक चार्जर सांभाळायचा. कुसुमताईंनी ऐकलं नाही. त्यांना बहिणीचा फोन यायचा होता.

जाताना तिने सगळा चार्ज करिष्माला दिला. करिष्मा परभणीकडची, प्लॅनिंगलाच तिच्या हाताखाली सहा महिन्यांपूर्वी लागलेली, निघोजेतच तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहणारी. एक तारखेला तिला कायम केल्याचं पत्र मिळायचं होतं. पत्र नाही मिळालं तर परत ये, स्थळं बघून ठेवली आहेत, असं घरून बजावलेलं होतं. दिपालीला त्या पोरीबद्दल माया होती. उद्या गुरुवार आहे, काही नाही, झोप काढ, असं तिने तिला सांगितलं. शुक्रवारचा माल पेट्यांत भरून तयार आहे, सकाळी सहाला टेम्पो लाव म्हणजे झालं.

रिसॉर्ट छान होतं, उगीच नावं कशाला ठेवा. समोर पाणी, झाडाला झोपाळा, जेवायला गरम भाकरी. वाय-फायचा डबा तेवढा ऑफिसात भिंतीवर नुसता लुकलुकत होता आणि खोल्यांमध्ये दोन्ही सिमं मेल्यासारखी पडली होती. तिथले राखणदार मालोजी, त्याच गावचे म्हातारे, त्यांनी हसत सांगितलं, ‘ताई, हितं न्हाई रेंज. त्या वरच्या पान्याच्या टाकीपाशी हाय. समदे साहेबलोक तिथंच जात्यात.’

गुरुवारी सकाळी सगळे पोहे खात होते, तेव्हा दिपाली सवयीने टाकीपाशी गेली. फोनला रेंज मिळाली आणि तो एकसारखा वाजायला लागला. अकरा मिस्ड कॉल, सगळे करिष्माचे. तिने लावला. करिष्मा एका दमात सांगत सुटली. मोठ्या कंपनीतून फोन आला होता, आमची लाइन आज चालू आहे, तुमचा माल कुठे आहे, आमच्याकडे दोन वाजेपर्यंत पुरेल एवढाच उरला आहे. आणि आपला कारखाना बंद. गेटवर वॉचमन सोडून चिटपाखरू नाही.

दिपालीला त्याच क्षणी आठवलं. गेल्या आठवड्यात मेल आली होती. दिवाळीत एक दिवस जास्त सुट्टी दिली, ती भरून काढायला पुढच्या आठवड्याचा गुरुवार चालू राहील, असं त्यात लिहिलं होतं. तिने ती वाचली होती, उत्तरात ‘नोटेड’ असं लिहिलंही होतं. खाली नाव नव्हतंच, प्लॅनिंग विभाग एवढंच होतं, कारण त्या खात्यावरून ती आणि करिष्मा दोघी लिहायच्या. पण शीटमध्ये तिने काही बदललं नाही. त्या शीटवरचे सगळे गुरुवार तिनेच कधीतरी राखाडी रंगवून ठेवले होते, आणि राखाडी रकान्यात माल आपोआप शून्य धरला जायचा. डोळ्याला त्या रंगाची इतकी सवय झालेली की गुरुवार चालू असं वाचूनसुद्धा मनाने तो बंदच धरला. नवखा माणूस ही चूक करणार नाही. त्यासाठी या पट्ट्यात पंधरा वर्षं काढावी लागतात.

हे सगळं तिने करिष्माला तेव्हा सांगितलं का? नाही सांगितलं. आधी गाडी, मग बाकीचं, असं ती म्हणाली, आणि स्वतःलाही तेच सांगितलं.

पुढचे चार तास ती टाकीच्या कठड्याला टेकून उभी होती. शुक्रवारचा माल तयार होता हे नशीब. टेम्पोवाला बुद्धरत्न घरासमोर टेम्पोला साबण लावत होता, तो फेसासकट गाडी घेऊन निघाला. करिष्माने खोलीवरच्या तिघी मुलींना उठवलं. त्या आणि वॉचमन यांनी मिळून पेट्या चढवल्या. दिपाली वरून एकेक सांगत होती, कुठली पेटी आधी, कुठला कागद कुठे, गेटवर कुणाला भेटायचं. रेंज गेली की ती टाकीला वळसा घालायची, आली की पुन्हा बोलायची. अनुया दोनदा बोलवायला आली, झोपाळ्यावर चल म्हणून. दुसऱ्यांदा परत गेली तेव्हा तिने मागे वळूनही पाहिलं नाही, आणि ते दिपालीला लागलं.

टेम्पो पोचला, पण हायवेवर एक ट्रक आडवा झाला होता, त्यात उशीर झाला. मोठ्या कंपनीची लाइन अकरा मिनिटं थांबली.

अकरा मिनिटं म्हणजे आपल्याला एक चहा. पण तिकडे तेवढ्यावरून खुलासा मागितला गेला, आणि यशवंतरावांनी चार वाजता सगळ्यांना मीटिंगला बोलावलं. दिपाली लॅपटॉप घेऊन टाकीवर बसली. स्क्रीनवर यशवंतराव होते, एका चौकोनात करिष्मा, केस विस्कटलेले, बाहीला ग्रीस. मेल आली होती असं समोरची कंपनी म्हणतेय, यशवंतराव म्हणाले. तुमच्याकडूनच ‘नोटेड’ असं उत्तर गेलंय. हे कोणी लिहिलं?

दिपालीने तोंड उघडलं. तेवढ्यात करिष्मा बोलली, ‘सर, चार्ज माझ्याकडे होता.’

थांबा, असं दिपाली म्हणाली, पण तिचं ते थांबा कुणाला ऐकू गेलं नाही. स्क्रीनवर तिचा स्वतःचा चेहरा अर्धं तोंड उघडून थिजला होता. मग सगळेच चौकोन काळे झाले. खाली गावातली लाइट गेली होती. मालोजी म्हणाले, लाइट गेली की टावर झोपतोय, आता अंधार पडंस्तवर काही खरं न्हाई.

ती खाली आली आणि खोलीच्या पायरीवर बसली. नवनाथला तिने सगळं सांगितलं, मेलपासून राखाडी रंगापर्यंत. नवनाथ भला माणूस. तो म्हणाला, रेंजच नाही त्याला तू तरी काय करणार. रविवारी कामावर जाऊन बोल. आणि त्याचं बरोबरच होतं की. रेंज नव्हती, यावर कोण काय म्हणणार? रविवारपर्यंत सगळं थंड झालं असतं. करिष्माला फार तर पत्र उशिरा मिळालं असतं, किंवा मिळालंच नसतं, आणि फळ्यावरच्या सात वर्षांनी दिलेलं नाव, यंदा मिळणार होती ती असिस्टंट मॅनेजरची जागा, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. दिपालीच्या मनात हे आलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. चांगली पाच मिनिटं ते मनात होतं, आणि त्या पाच मिनिटांत तिला बरंही वाटलं.

कुसुमताई पलीकडे खुर्चीत शेंगा सोलत होत्या. बहिणीशी त्यांचं नुकतंच पोटभर बोलून झालं होतं. त्यांना प्लॅनिंग कळत नव्हतं की मेल कळत नव्हती, सुनेला फोन लागत नाही एवढंच कळलं. त्यांनी मांडीवरचा बटणांचा फोन पदराला पुसून पुढे केला.

‘माझ्या फोनला हाय की रेंज.’

त्यांचं सिम वेगळ्या कंपनीचं, त्याचा टॉवर पलीकडच्या डोंगरावर. दिपाली त्या फोनकडे बघत राहिली. मग तिने आपल्या फोनमधून यशवंतरावांचा नंबर शोधला आणि एकेक बटण दाबत गेली. बटणं घट्ट होती.

सर, ते ‘नोटेड’ मी लिहिलंय, तिने सांगितलं. गुरुवार राखाडी मीच केलाय, करिष्माला उद्या काही नाही म्हणून मीच सांगितलं. पोरीने फक्त माझं ऐकलं. मग यशवंतराव कोरडेपणाने म्हणाले की असिस्टंट मॅनेजरचं यंदा विसरा, आणि रविवारी आल्यावर तो फळा तुम्हीच पुसा. दिपाली हो म्हणाली. फोन ठेवतील म्हणून तिने घाईने करिष्माच्या पत्राचं विचारलं. ‘ते एक तारखेलाच निघेल,’ ते म्हणाले. सुट्टीच्या दिवशी खोलीवरच्या मुली आणून जी गाडी भरते तिला सोडायचं कशाला, असंही त्यांनी वर सुनावलं.

दिपालीने फोन परत दिला. कुसुमताईंनी तो पिशवीत टाकला आणि तिच्या ओंजळीत शेंगदाणे घातले. मग ती उठून झोपाळ्याकडे गेली. अनुया रुसलेलीच होती, पण सरकून जागा केली.

रविवारी सकाळी ती ओलं फडकं घेऊन गेटवर उभी राहिली. शिफ्टचे लोक येत होते, बघत पुढे जात होते. दोन हजार सहाशे चौदा पुसायला वेळ लागला नाही. करिष्मा खडू घेऊन शेजारी उभी होती. दिपालीने तिला विचारलं, माझी चूक तू का अंगावर घेतलीस, तुला काय माहीत ते कुणी लिहिलं होतं?

‘मला सकाळी नऊलाच मेल सापडली होती, मॅडम. मी कधी नोटेड लिहीत नाही, मी ओके सर लिहिते.’

म्हणजे पेट्या चढवताना, चार तास फोनवर दिपालीचं ऐकताना आणि मीटिंगमध्येसुद्धा पोरीला सगळं ठाऊक होतं. दिपालीने विचारलं, ‘मग बोलली का नाहीस?’

करिष्माने खडू पुढे केला. ‘तुम्ही पहिल्यांदाच फिरायला गेला होता ना.’

दिपालीने खडू घेतला, फळ्यावर शून्य काढलं आणि डोळे पुसून तेच शून्य पुन्हा एकदा गिरवलं.