ब्रीडाचे बटाटे आणि एक रानडुक्कर

आयर्लंडमधल्या मेनूथहून निघताना माझ्या यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण होती. भडक कपडे नकोत, करकरणारे रेनकोट नकोत, अत्तर नको, सुगंधी साबण नको, असं आमचा वाटाड्या डेक्लन याने आधीच कळवलं होतं. दोघांची लोकरी जॅकेटं मी बिनवासाच्या पावडरीने धुतली आणि बाहेर पाऊस म्हणून स्वयंपाकघरात वाळत घातली. मग नेहमीसारखे डबे केले. माझा घरगुती डब्यांचा व्यवसाय आहे.

माझा नवरा संजय यंदा पन्नास वर्षांचा झाला. पन्नाशीला लोक क्रूझवर जातात. याला शिकार बघायची होती. बंदूक आणि परवाना डेक्लनकडे, आम्ही दोघं फक्त बघे.

दोन तासांनी, वॉटरफोर्डच्या अलीकडे, आम्ही डोंगराकडे वळलो. रस्ता इतका अरुंद झाला की मधोमध गवत उगवलेलं. दोन्ही बाजूंना पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं, पलीकडे मेंढ्या, आणि टोकाला ब्रीडाचं घर. ब्रीडा पंचाहत्तरीची, एकटी राहणारी. शिकार तिच्याच जमिनीवर होती. तिने आम्हाला काळा चहा दिला, मी दूध मागितलं तेव्हा प्रसन्न हसली आणि सोडा ब्रेडवर (खमीर न घालता भाजलेला जाड पाव) बोटभर लोणी थापलं.

आयर्लंडमध्ये रानडुक्कर मुळात नसतं. हे कुणीतरी पाळलेलं, सुटलेलं आणि स्प्रूसच्या (लाकडासाठी लावतात त्या सूचिपर्णी झाडांच्या) रानात राहून रानटी झालेलं होतं. आठवड्यात दोनदा येऊन त्याने ब्रीडाचे बटाट्याचे वरंबे उकरले होते. तिचा मुलगा डब्लिनला असतो. शेत स्प्रूसच्या लागवडीला देऊन टाक, असं त्याचं म्हणणं. शुक्रवारी लागवड कंपनीचा माणूस कागद घेऊन येणार होता.

"डुक्कर मिळालं नाही तर सही करते," ब्रीडा पाव कापता कापता म्हणाली. "डुकरासाठी बटाटे लावण्याइतकी मी श्रीमंत नाही."

मे महिन्यात इथे नऊपर्यंत उजेड असतो. आठ वाजता आम्ही शेताच्या कडेला लपणात बसलो. शेत आणि रान यांच्यामध्ये मातीचा बांध, त्याला दोन खिंडारं. खालच्या खिंडारातून डुक्कर बाहेर आलं. काळपट, माझ्या कल्पनेपेक्षा मोठं. डेक्लनने बंदूक उचललीच नाही, कारण त्या खिंडाराच्या मागे रस्ता आहे. ते पुढे सरकण्याची आम्ही वाट पाहत होतो, तेवढ्यात वारा फिरला. डुकराने नाक वर केलं, एकदा फुरफुरलं आणि गेलं.

डेक्लनने माझ्या बाहीचा वास घेतला. "हे काय आहे?"

"हिंग. मोहरी. थोडा कढीपत्ता."

"मघापासून मला वाटतंय, ब्रीडा काहीतरी शिजवतेय."

आपल्याच फोडणीचा वास आपल्याला येत नाही, हे माझ्या यादीत नव्हतं. डेक्लन "ग्रँड" म्हणाला. इथे त्याचा अर्थ झकासपासून संपलं सगळं इथपर्यंत काहीही होतो. तेव्हा दुसरा होता. त्याला उद्या दुपारी दुसरीकडे जायचं होतं. म्हणजे एकच पहाट उरली. घरी परतल्यावर ब्रीडाने किटली पुन्हा ठेवली. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

जेवताना मला मामाचं वेल्ह्याकडचं शेत आठवलं. मामा भुईमुगाभोवती जुन्या साड्या बांधतो. माणसाचा वास आला की डुक्कर तिथून शिरत नाही. मी डेक्लनला म्हटलं, खालच्या खिंडारात आमची जॅकेटं बांधली तर ते वरच्या खिंडाराकडे जाईल का? वरच्या मागे डोंगराचा चढ आहे, म्हणजे गोळी मातीत जाईल.

डेक्लनने चहात चमचा फिरवला. "त्याला ते आवडणार नाही," तो म्हणाला आणि दोरी शोधायला उठला.

संजय म्हणाला, "माझं जॅकेट नवीन आहे गं."

"वाढदिवस तुझाच ना?"

पहाटे साडेपाचला आम्ही पुन्हा लपणात होतो, ब्रीडाच्या दिवंगत नवऱ्याचे कोट घालून. त्यांना मेंढ्यांचा उग्र वास येत होता. या वेळी तो चालणार होता. धुकं विरलं आणि डुक्कर आलं, नेमकं खालच्या खिंडारापाशी. जॅकेटांसमोर उभं राहिलं. तुडवून पुढे आलं असतं तर डेक्लन गोळी झाडणार नव्हता आणि ब्रीडा शुक्रवारी सही करणार होती. डुकराने एक पाय मागे घेतला, फुरफुरलं, आणि बांधाच्या पलीकडून चालू लागलं. त्याची पाठ झुडपांतून दिसत, लपत होती. वरच्या खिंडारात ते आडवं उभं राहिलं. एकच गोळी.

डेक्लनने टोपी काढली. मांसाबद्दल मी विचारून घेतलं: नमुना तपासणीला जाणार, निकाल येईपर्यंत कुणी खायचं नाही.

ब्रीडा आली. डुकराकडे तिने एकदाच पाहिलं, "बिचारं," म्हणाली आणि सरळ उकरलेल्या वरंब्यांपाशी जाऊन गुडघे टेकले. उघड्यावर पडलेलं बेणं वेचून पुन्हा मातीत दाबू लागली. मी आणि संजयने खोऱ्याने माती ओढली. निघायची वेळ साडेआठ ठरली होती, निघालो अकराला. मधेच तिने मुलाला फोन लावला. हात मातीचे, म्हणून फोन मी तिच्या कानाशी धरला होता.

"शुक्रवारी त्या माणसाला पाठवू नकोस," ती म्हणाली. "नाही, बरी आहे मी. कामात आहे."

आमची जॅकेटं तिने ठेवून घेतली. मागून आणखी एखादं आलं तर असावीत, म्हणून.

घरी पोचलो तेव्हा दोघांच्याही कमरा धरल्या होत्या. सहल कशी झाली, असं मैत्रिणी विचारतात. त्यांना शिकारीचं ऐकायचं असतं. ती अर्ध्या मिनिटात संपली. वरंबे नीट करायला अडीच तास लागले, आणि मी सांगायला लागले की बहुतेक वरंब्यांचंच सांगते.