फ्लोरामावशींचं तळ्याकाठचं गाव

फ्लोरा झिराडकर मूळच्या अलिबाग तालुक्यातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू घरातल्या. एकोणिसाव्या वर्षी इस्राएलला गेल्या आणि तळ्याकाठच्या एका किबुत्झमध्ये अकरा वर्षं राहिल्या. किबुत्झ म्हणजे सगळ्यांनी मिळून शेती करायची, एकाच पंगतीला जेवायचं, असं गाव. तिथे स्वयंसेवक म्हणून आलेल्या, इंग्लंडमधल्या लीड्सच्या तरुणाशी लग्न केलं आणि मग त्या कायमच्या लीड्सकर झाल्या.

यंदा किबुत्झच्या वर्धापनदिनाला गावाचा इतिहास छापायचं ठरलं. नोगा नावाच्या तिथल्या मुलीने यादीतल्या सगळ्या जुन्या रहिवाशांना मसुदा ईमेलने पाठवला, तसा मावशींनाही. शेजारच्या डॉक्टर मंजिरीने तो प्रिंट करून आणला. चौदाव्या पानावरच्या फोटोत भल्यामोठ्या कढईशी उभ्या असलेल्या तरुण मावशी होत्या. खालची हिब्रू ओळ त्यांनी वाचून दाखवली, ‘भारतातून आलेली पाहुणी. नाव ठाऊक नाही.’

“अकरा वर्षं राहिलेल्या पाहुणीला आपल्याकडे काय म्हणतात गं?”

“सून,” मंजिरी म्हणाली.

मावशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग मात्र त्यांना राग आला. त्यांनी सरळ नोगाला फोन लावला. ती बिचारी ओशाळली. “जुनी माणसं फारशी उरली नाहीत. तुम्हीच लिहा ना.”

“लिहीन. पण मला ते सगळं मराठीत आठवतं.”

“मग मराठीत लिहा. ट्रान्सलेशनचं मी बघते.”

तीन रविवार मावशी सांगत गेल्या आणि मंजिरी लॅपटॉपवर टाइप करत गेली. पहिल्या तेवीस जणांनी दगड वेचून रान मोकळं कसं केलं, हे मावशींनी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. पुढे तळं, पाठीशी डोंगर. डोंगरावरची हद्द दोन देशांनी दोन नकाशांत दोन जागी काढलेली, त्यामुळे केळीच्या बागेत जातानासुद्धा एक डोळा वर ठेवावा लागे. एका ऑक्टोबरमध्ये तोफा धडाडल्या, तेव्हा आठवडाभर सगळा स्वयंपाक तळघरात झाला. तिथेच मावशींनी तळ्यातल्या माशांना पहिल्यांदा हळद-तिखट लावलं. तोवर ते लोक मासे नुसते उकडून खात.

“भीती नाही वाटली?” मंजिरीने विचारलं.

“वाटली ना. पण दीडशे माणसं जेवायची होती.”

वर्धापनदिनी मावशी मंजिरीला शेजारी घेऊन लीड्सहून व्हिडिओ कॉलवर बसल्या. नोगाने त्यांचं लिखाण हिब्रूत वाचून दाखवलं. माशांचा भाग आला तसा मागच्या रांगेतून एक म्हातारा ओरडला, “फार तिखट असायचे!”

मावशींनी आवाज ओळखला. हा ट्रॅक्टरवाला अमनोन.

“तीनदा वाढून घ्यायचास, तेव्हा नाही लागले तिखट?” त्यांनी हिब्रूत सुनावलं.

सगळा हॉल हसला. अमनोन म्हणाला, तीनदा नाही, दोनदा. त्यावरून दोघांचं जे जुंपलं ते अर्धा तास चाललं. मंजिरीला हिब्रूचं अक्षर कळत नव्हतं, पण मावशींकडे बघून तीही हसत सुटली.