भाव उतरेपर्यंत

राळेगावच्या पेट्रोल पंपावर ती मला दर रविवारी भेटते. कपडे शिवते एवढं ठाऊक आहे; नाव कधी विचारलं नाही. स्कूटीवरून उतरता उतरताच ती आकड्याकडे बघून ओरडते, "हे भाव कधी उतरन हो? आता सायकलच घेतो मी!" आणि लगेच झाकण उघडून म्हणते, "टाका, मागच्या खेपेइतकंच." रांग हसते, तीही हसते.

गेल्या रविवारी तिच्या मागे नवं लुगडं नेसलेल्या सासूबाई, तिच्या 'आत्याबाई', होत्या, सुनेच्या कमरेला ओढणीनं बांधलेल्या.

"कुठं निघाली स्वारी?" मी विचारलं.

"आत्याबाईले भावाकडं नेऊन राह्यलो. तिकडं एसटी जात नाही. कितीक वर्सांत भेटले नाहीत दोघं."

"एवढ्या महाग पेट्रोलात?"

"मंग भाव उतरेपर्यंत थांबाचं का? दोघंही ऐंशीच्या पुढं हायेत, दादा!"

सासूबाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. "चाल वं, माहा भाऊ वाट पाहून राह्यला!"

दोघी हसत निघून गेल्या.

"किती टाकू?" पंपवाल्यानं मला विचारलं.

माझी बहीण पांढरकवड्याला असते. तिला भेटून वर्ष झालं होतं.

"फुल कर," मी म्हटलं.