यमूच्या गावची एसटी आणि एक बुटकं स्टूल

माझी धाकटी मुलगी रेखा. तिच्या हळदीला आत्या हवीच, पण माझी बहीण यमू फोनवर म्हणाली, "नाय जमायचं रे दादा, पाय गेले." झालं, माझी झोप उडाली. रेखा म्हणाली, "आण्णा, आपणच आणायला जाऊ."

मी सातवी शिकलेला, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

नाशिकहून पेठकडे एसटी बरी पडते, बायकांना आणि आम्हा म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट. रस्ता चांगला आहे, तरी घाटात मी समोरची दांडी सोडली नाही. वळणं लागत असतील तर आलेपाक जवळ ठेवा.

रेखा घरोघरी अपंगांच्या पाहणीचे प्रश्न विचारते. बसमध्ये सांगत होती, "पूर्वी विचारायचो, घरात कोणी अपंग आहे का? लोक नाही म्हणून दार लावायचे. त्या प्रश्नात दोष माणसातच धरलेला. आता विचारतो, कुठलं काम अडतं आणि कशामुळे?"

मला पटलं नाही. पाय तेच, मग प्रश्न बदलून काय होणार?

यमूचं घर थांब्याजवळच. नागलीची भाकर, उडदाची डाळ, झकास. पण काळजीपोटी मी मधेच विचारलं, "यमू, पाय अधू झाले का गं?"

तिचा घास थांबला. "अधू? सकाळीच पाणी भरलं मी! तूच आसशील अधू." ताट सरकवलं तिने.

रेखाने हळूच विचारलं, "आत्या, नाशिकला यायला काय आडवं येतं?"

"ती यष्टीची पायरी," यमू लगेच म्हणाली. "लय उंच. मागं दोघांनी पोत्यावानी उचलून चढवलं, सगळी बस हसली. परत नाय चढायची मी तशी."

रेखाने चुलीपुढचं बुटकं स्टूल उचललं.

थांब्यावर एसटी आली, स्टूल बघून कंडक्टर म्हणाला, "काय आजोबा, शिटा कमी पडल्या काय?" पण त्यानेच स्टूल दारापाशी नीट टेकवलं. यमूने दांडी धरली, स्टुलावर पाय ठेवला आणि एकटी चढली. खिडकीत बसून पदर सारखा केला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

घरी पोचलो तर यमू दारापुढच्या ओट्यापाशी उभी राहून म्हणते, "दादा, तुझा वटा बी यष्टीच हाय की!" मी रोज भिंत धरून चढतो. म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं.

हळदीत पहिला हात यमूचाच लागला. परत जाताना ती स्टूल घेऊन गेली. मग मी गवंडी बोलावला, ओट्याला मधे एक पायरी घालायला.

"कुणाचे पाय दुखतात, बाबा?" त्याने विचारलं.

"पायांचं सोड," मी म्हणालो. "ओटा उंच आहे."