मास्तरच्या नावाची चिठ्ठी

घड्याळमामा रोज सकाळी दुकानाचं शटर अर्धंच वर करायचा, वाकून आत शिरायचा, स्टुलावर बसायचा आणि डोळ्याला भिंग लावण्याआधी प्रार्थना करायचा. प्रार्थना मोजून पाच मिनिटांची. पहिलं मिनिट आभाराचं, दुसरं लांब दिलेल्या मुलीच्या संसाराचं, आणि उरलेली तीन सगळीच्या सगळी मास्तरच्या वाट्याची.

"प्रभू," तो म्हणायचा, "मास्तरला आजारी पाड. मारू नकोस, मेल्यावर त्याला काय कळणार? नुसता अंथरुणाला खिळव. मी भेटायला जाईन, उशाशी खुर्ची ओढून बसेन आणि एकच वाक्य बोलेन. तेवढं ऐकू येईल इतपत त्याचे कान शाबूत ठेव. आमेन."

देवाशी इतकं सरळ बोलणारा माणूस चर्चच्या आख्ख्या मंडळीत दुसरा नसावा. बाकीचेही मनातल्या मनात याहून भयंकर काहीबाही मागत असणार, पण शब्दांना इस्त्री करून. घड्याळमामाला ते जमत नसे. गिऱ्हाइकानं घड्याळ पुढ्यात टाकून 'जरा बघा ना' म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. मागे पडतंय, पुढे जातंय की बंदच पडलंय, ते नीट सांगा ना! देवालाही तो तशाच नेमक्या तक्रारी सांगायचा.

ते एक वाक्य मूळचं मास्तरचंच होतं. घड्याळमामाला ते फक्त साभार परत करायचं होतं.

मास्तर आणि तो शाळेत एका बाकावरचे. मास्तर पुढे गणित शिकवायला लागला, चर्चच्या कमिटीवर गेला, गायनमंडळाचा प्रमुख झाला. आवाज असा की खालचा सूर लावला की बाकांच्या फळ्या थरथराव्यात. तीन वर्षांपूर्वी मामी, म्हणजे घड्याळमामाची बायको, अंथरुणाला लागली तेव्हा मास्तर सफरचंदं घेऊन भेटायला आला होता. खणखणीत आवाजात प्रार्थना केली, चहा घेतला आणि उठता उठता कोटाचं बटण लावत म्हणाला, "वहिनी, इतकी औषधं झाली, इतक्या प्रार्थना झाल्या, तरी उतार नाही. तुमच्या विश्वासात कुठेतरी खोट आहे. शोधा."

उत्तर चुकलंय, पायरी तपास, असं फळ्यापाशी उभ्या केलेल्या पोराला सांगावं तसं. आणि गेला.

मामीनं शोधलं. तिच्याजवळ एकोणीस दिवस उरले होते, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. औषधानं दुपारी गुंगी यायची, पण ती डोळे ताणून जागी राहायची आणि विचारायची, "अहो, मी कुठे चुकले असेन हो?" विसाव्या दिवशी सकाळी ती गेली. शोध अर्धाच राहिला. मातीच्या वेळी मास्तर इतका सुंदर गायला की लोक घरी जाताना मामीपेक्षा त्याच्याबद्दलच जास्त बोलत होते. घड्याळमामाच्या पोटात जी आग पेटली ती त्या गाण्यानं.

तेव्हापासून तीन वर्षं अर्ज चालू होता. मास्तर मात्र ठणठणीत. साधी शिंकसुद्धा नाही. शेवटी घड्याळमामानं विचार केला, एकट्याच्या अर्जावर काम होत नसेल तर सह्या गोळा कराव्यात.

त्याची सोय चर्चमध्येच होती. दाराशी एक लाकडी पेटी. ज्याच्यासाठी सगळ्यांनी प्रार्थना करावी असं वाटे त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून शनिवारपर्यंत तिच्यात टाकायचं. रविवारी उपासनेत पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, एकेक नाव वाचणार आणि प्रत्येक नावाला सगळी मंडळी म्हणणार, "प्रभू, ऐक." चिठ्ठीवर फक्त नाव लिहायचं, कारण लिहायचं नाही आणि आपली सहीही करायची नाही. पूर्वी कारण लिहायची मुभा होती. पण 'माझ्या जावेच्या जिभेला लगाम घाल' आणि 'दुसऱ्या बाकावरच्या बाईंना टोपीची उंची कमी करण्याची सुबुद्धी दे' अशा चिठ्ठ्या निघायला लागल्यावर पाळकांनी नियम केला की कारण देवाला ठाऊक असतं, ते कागदावर नको.

घड्याळमामाला यापेक्षा सोयीचा नियम मिळाला नसता. त्यानं मास्तरचं नाव लिहिलं, घडी घातली आणि टाकलं. कारण त्यानं देवाच्या कानात आधीच घालून ठेवलं होतं.

पहिल्या रविवारी नाव वाचलं गेलं तेव्हा गंमतच झाली. सवयीनं सगळ्यात मोठ्यानं "प्रभू, ऐक" म्हणाला तो मास्तरच. खालच्या सुरात, फळ्या थरथरवत. आपल्याच विरुद्धच्या अर्जावर पहिली सही त्याची! घड्याळमामानं हसू दाबायला रुमाल तोंडावर धरला. शेजारच्या बाकावरच्या बाईला वाटलं, रडतोय बिचारा. दोस्त आहे ना जुना.

दुसऱ्या रविवारी नाव आलं. तिसऱ्या आलं. चौथ्यापासून कुजबुज सुरू झाली.

घड्याळमामाची थोरली बहीण त्याच्याकडेच राहायची. ती एका दुपारी चुलीवरचं पातेलं ढवळत म्हणाली, "अरे, मास्तरला काय झालंय रे?"

"काही झालंय का?"

"म्हणजे काय! यकृत गेलंय म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. फुप्फुसवालेही आहेत थोडे, पण यकृतवाले जास्त." तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं. "सूप केलंय. नेऊन देते. तुझा एवढा जिवलग, आणि तुझा मेला पाय म्हणून उचलत नाही तिकडे!"

"ताई, सूप न्यायचं काही कारण नाही."

"तू गप्प बस. तुझ्या बायकोच्या वेळी त्यानं सफरचंदं आणली होती."

घड्याळमामा गप्प बसला. स्वतःच्या घरातून दुश्मनाला सूप जाताना बघणं ही शिक्षाच होती. पण संध्याकाळी ताई परत आली ती बातमी घेऊन. मास्तरच्या ओट्यावर सुपाची आधीच सहा भांडी उभी होती.

मग चर्चमध्ये मास्तरसाठी खुर्ची आली. गायनमंडळातल्या मुली त्याला जिना चढताना हात द्यायला लागल्या. एकट्यानं गायची जी ओळ वीस वर्षं त्याची होती ती, "तुम्हाला दम लागेल," असं सांगून दुसऱ्याला दिली गेली. मास्तर बिचारा सांगून दमला की अहो, मला काही झालेलं नाही. त्यावर लोक मान हलवत म्हणायचे, "धीराचा आहे हो माणूस." शेवटी त्यानं डॉक्टरकडे जाऊन सगळ्या तपासण्या केल्या. रिपोर्ट असे स्वच्छ आले की संशय पक्काच झाला. डॉक्टरांनाही सापडत नाही म्हणजे किती खोलवरचं असेल!

मास्तर वाळला. कॉलर गळ्याभोवती सैल झाली. घड्याळमामाला रात्री गाढ झोप लागायला लागली. सकाळच्या तीन मिनिटांत तो आता सूचनासुद्धा देईनासा झाला, नुसता म्हणायचा, "चाललंय ते उत्तम. चालू दे."

चौदाव्या आठवड्यात, गुरुवारी भर दुपारी, मास्तर दुकानात येऊन उभा राहिला.

घड्याळमामा एका जुन्या मनगटी घड्याळाचं चक्र चिमट्यात धरून बसला होता. त्यानं मान वर केली नाही. "बस."

मास्तर गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. भिंतीवरची पंधरा-वीस घड्याळं आपापल्या मतांप्रमाणे वेळ सांगत होती.

"एक विचारू?"

"विचार की."

"सगळा गाव माझी तब्येत विचारतो. दूधवाला विचारतो, पोस्टमन विचारतो. समोरची बाई तर खिडकीतून ओरडून विचारते. फक्त तू विचारली नाहीस."

"कामं होती."

"म्हणजे मला काही झालेलं नाही हे तुला पक्कं माहीत होतं." मास्तरनं घसा खाकरला. "चिठ्ठी तू टाकतोस."

घड्याळमामानं चिमटा खाली ठेवला. दुश्मनाचं वाईट चिंतावं, त्यात त्याला काही गैर वाटत नव्हतं. पण प्रार्थनेच्या बाबतीत खोटं बोलायचं नाही, एवढा नेम त्यानं पाळला होता. "टाकतो," तो म्हणाला.

मास्तर चिडेल, उठेल, काच फोडेल, असं त्याला वाटलं होतं. मास्तरनं उलट मोठा सुस्कारा सोडला.

"सुटलो! मला वाटत होतं, देवानंच कुणाला तरी माझ्याबद्दल काही दाखवलंय, आणि तो माणूस भिडेपोटी बोलत नाहीये. चौदा आठवडे मी शोधतोय रे. एका पोराला उगाच नापास केलं होतं, त्याचा पत्ता काढून पत्र लिहिलं. भावाशी अकरा वर्षं अबोला होता, तो सोडला. दर वेळी वाटायचं, झालं आता. आणि रविवारी पुन्हा नाव. झोप नाही, जेवण जात नाही. सारखं वाटतं, अजून काहीतरी राहिलंय."

घड्याळमामा त्याच्याकडे बघत राहिला. अंथरूण नव्हतं, उशी नव्हती, पण माणूस तोच होता आणि कान शाबूत होते. इतकी वर्षं घोटलेलं वाक्य जिभेच्या टोकाशी येऊन थांबलं होतं. त्यानं ते सोडलं.

"तुझ्या विश्वासात कुठेतरी खोट आहे. शोध."

बोलल्यावर तो वाट बघत बसला. मास्तरचा चेहरा आता पांढरा पडणार, तोंड उघडं राहणार.

मास्तरनं मान डोलावली. "हो ना. तेच म्हणतोय मी."

त्याला ते ओळखूच आलं नव्हतं.

घड्याळमामा स्टुलावरून उठला. "अरे नालायका, हे तुझं वाक्य आहे! तू बोलला होतास. तिला. तिच्या उशाशी उभा राहून, कोटाचं बटण लावत!"

मास्तर कपाळाला आठ्या घालून आठवत राहिला. प्रामाणिकपणे आठवत होता, हे दिसत होतं, आणि तेच घड्याळमामाला सहन होईना.

"नाही आठवत," मास्तर शेवटी म्हणाला. "पण बोललो असेन. तेव्हा मी सगळ्यांनाच तसं बोलत सुटलो होतो. फार शहाणा होतो मी."

"एकोणीस दिवस शोधत होती ती! पाणी पिताना शोधत होती. डोळा लागला की दचकून उठायची आणि विचारायची, मी कुठे चुकले? आणि तू तिच्या मातीला येऊन गात होतास!"

शेजारच्या दुकानातला चांभार डोकावून गेला. मास्तर खाली बघत होता. त्याच्या नाकाच्या शेंड्यावर एक थेंब जमला होता. मग त्यानं वर बघितलं ते अगदी आशेनं.

"पण तू होतास ना तिच्याजवळ? तू सांगितलं असशील ना तिला, की मास्तर गाढव आहे, त्याचं काय मनावर घेतेस?"

घड्याळमामानं चिमटा पुन्हा उचलला.

"सांगितलं असशीलच तू. तू मला शाळेपासून गाढव म्हणतोस."

"जा आता."

"नव्हतं सांगितलं?"

"जा म्हटलं ना!"

मास्तर उठला. दारापाशी जाऊन थांबला. "या रविवारसाठी टाकणार आहेस?"

"टाकणार. आणि माफी मागायला येऊ नकोस, मिळणार नाही."

"टाक," मास्तर म्हणाला. "निदान आता कारण तरी कळलं." आणि उन्हात निघून गेला.

त्या दिवशी घड्याळमामाच्या हातून दोन घड्याळं उलटी बसली. घरी ताईनं विचारलं, "तोंड का असं?" तर तिच्यावरच खेकसला. चिठ्ठी लिहायला कागद काढला, नाव लिहिलं, घडी घातली. त्यात काही अडलं नाही.

अडलं ते सकाळी. स्टुलावर बसून पहिलं मिनिट नीट गेलं, दुसरंही. तिसऱ्याला त्यानं "प्रभू, मास्तरला" एवढं म्हटलं आणि गाडी तिथेच रुतली. बाहेर कुणीतरी शटरवर थाप मारली, वाट पाहिली आणि गेलं. पाच मिनिटांची दहा झाली.

"बरं," तो म्हणाला. "ऐक मग. तुला माहीतच आहे, पण नेमकं सांगतो.

"मास्तर गाढव आहे, असं मी तिला सांगितलं नाही. मलाही वाटलं, असेल काहीतरी. मिळालं तर बरी होईल. दुकानातली वही मीच घरी नेली. ती आपल्या चुका आठवून सांगायची आणि मी लिहायचो. एक, शेजारणीची कात्री दोन वर्षं परत केली नाही. दोन, आईच्या आजारपणात एका दुपारी कंटाळा केला. तीन, धाकट्या बहिणीच्या लग्नात हेवा वाटला. आकडे मी घातले, प्रभू, तिनं नाही. ती थकून गप्प झाली की मी म्हणायचो, आठव, अजून असेल. मास्तर एकदाच बोलून गेला. मी रोज म्हणायचो."

त्यानं भिंग उचललं, उगाच पुसलं, ठेवून दिलं.

"मास्तरला मी सोडलेलं नाही, हे लक्षात असू दे. चिठ्ठी खिशात आहे. पण त्याचं उद्या बघू. आज हेच ऐक. चार, नवऱ्यावर रागावून दोन दिवस बोलली नाही. पाच, प्रार्थनेत डुलकी लागली. सहा, मुलीला एकदा विनाकारण मारलं."

त्यानं उठून शटर खाली ओढलं. मग पुन्हा स्टुलावर बसला.

"सातवी तिला आठवतच नव्हती. ती मी सुचवली."